चिमटा लावलेला डबा

चिमटा निळा होता. निदान कधीतरी असावा. उन्हाकडच्या बाजूने तो पांढुरका पडला होता आणि भिंतीकडच्या बाजूने अजून निळा राहिला होता. स्प्रिंग गंजली होती, पण पकड शाबूत होती. मेरन पॅस्कोच्या घरामागे कचऱ्याचे दोन चाकांचे डबे उभे असत, एक लाल झाकणाचा आणि एक पिवळ्या. पिवळ्यात कागद, बाटल्या, पत्र्याचे डबे; लालमध्ये उरलेलं सगळं. पोर्ट मेरिडनमध्ये कचऱ्याची गाडी शुक्रवारी पहाटे येई, एका आठवड्याला लालची आणि पुढच्या आठवड्याला पिवळ्याची. ज्या डब्याच्या मुठीला चिमटा असेल तो गुरुवारी संध्याकाळी रस्त्याच्या कडेला ठेवायचा. रिकामा डबा आत आणला की चिमटा काढून दुसऱ्याच्या मुठीला लावायचा. या व्यवस्थेत लक्षात ठेवण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणूनच ती कधी चुकली नव्हती.

मेरनला अशा व्यवस्थांची गरज होती. गेल्या एप्रिलमध्ये डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, की तिच्या मेंदूच्या दारावर कोणी पहारेकरी नाही. येईल ती गोष्ट थेट आत येते आणि खुर्ची ओढून बसते. मेरनला यात नवीन काही वाटलं नाही. चाळीस वर्षं ज्याला धांदरटपणा म्हणत होते त्याला आता एक लांबलचक नाव मिळालं, इतकंच. तिची चूक एवढीच झाली, की ते नाव तिने फोनवर बहिणीला सांगितलं.

लोरेल ही तिची मोठी बहीण, ब्रिस्बेनला राहणारी. नोकरीतून मोकळी झाल्यावर तिने घरबसल्या एक अभ्यासक्रम केला होता, ‘मन शांत करण्याचे शास्त्र’. तिच्याकडे प्रमाणपत्र होतं, पण अशांत माणूस नव्हता. तो आता घरातच सापडला.

“दोन आठवड्यांसाठी येते,” ती म्हणाली होती. ते मे महिन्यात. आता जानेवारी चालू होता.

लोरेलने आल्या आल्या घराचा गोंगाट कमी करायला घेतला. फ्रिजवर चिकटवलेले सगळे कागद काढले, कारण फ्रिजला श्वास घेता आला पाहिजे. संध्याकाळी सहानंतर मेरनचा फोन वेताच्या टोपलीत झोपू लागला. घरात वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या घंटा वाजू लागल्या: पाणी पिण्याची, खांदे सैल सोडण्याची, कृतज्ञता वाटून घेण्याची. मेरनच्या डोक्यात आधीच जी गर्दी होती तिच्यात आता शांत होण्याची कामं येऊन बसली. ती दिवसभर शांत होत असे आणि रात्री दमून झोपत असे.

खरा घोळ शेडचा होता. मेरन शाळांच्या बँडची वाद्यं दुरुस्त करत असे. परसातल्या शेडमध्ये तिचं टेबल होतं आणि त्यावर स्क्रू, वाद्यांच्या झडपांखालच्या इवल्या गाद्या, रिळं, सरस यांचा असा पसारा असे, की पाहणाऱ्याला भोवळ यावी. मेरनचा हात मात्र न बघता हव्या त्या स्क्रूवर पडे. त्या टेबलापाशी तिला तासन्‌तास दुसरं काही सुचत नसे. लोरेलने ते टेबल आवरलं. मग शेड रंगवली, चटया अंथरल्या आणि दारावर ‘शांतिकक्ष’ अशी पाटी लावली. क्लॅरिनेट सोफ्याखाली गेली, आणि दोन सॅक्सोफोन आंघोळीच्या टबात उशांवर निजले. शाळा महिनाअखेरीला उघडणार होत्या आणि बँडचे मास्तर फोनवर आता नाव न सांगताच बोलायला सुरुवात करू लागले होते.

लोरेलला जायला सांगायचं, हे मेरनने जूनमध्येच ठरवलं होतं. सांगणं तेवढं जमत नव्हतं.

“लॉर, मला तुझ्याशी जरा बोलायचंय.”

“बोल ना. पण आधी श्वास. खांदे बघ तुझे, कानांना लागलेत. घे आत... धर... सोड.”

मेरन श्वास घेई, धरी. धरलेल्या श्वासाच्या त्या रिकाम्या जागेत तिला भिंतीवरची पाल दिसे, पालीवरून टबातला सॅक्सोफोन, सॅक्सोफोनवरून शेगडीवर पातळ व्हायला ठेवलेला सरस.

“हं, काय म्हणत होतीस?”

“सरस!” असं ओरडून मेरन स्वयंपाकघरात पळे.

“बघ,” लोरेल मागून म्हणे, “निम्म्या तक्रारी श्वासातच विरघळतात.”

त्या सोमवारी लोरेलने जाहीर केलं, की शनिवारी सकाळी अख्ख्या गल्लीला परसात बोलावलं आहे. “तू पुढे बसायचं. लोकांना दिसू दे, काय होतीस आणि काय झालीस. आणि शेवटी मी सांगणारे, की यापुढे दर शनिवारी वर्ग. इथेच, शेडमध्ये. ब्रिस्बेनचं घर भाड्याने देऊन टाकते आता. तुला माझी गरज आहे, मेर.”

एकदा गल्लीसमोर हे बोललं गेलं, की मग ते मागे घेता येणार नव्हतं. शनिवारच्या आत सांगायचंच, असं तिने पुन्हा ठरवलं.

त्याच सोमवारी दुपारी लोरेलने घराबाहेरच्या गोंगाटाला हात घातला. दोरीवरचे, खिडकीतले, कुंड्यांतले सगळे कपड्यांचे चिमटे तिने गोळा केले, रंगांप्रमाणे वेगळे केले आणि काचेच्या बरण्यांत भरून व्हरांड्यात मांडले. निळे निळ्यांत, हिरवे हिरव्यांत. डब्याच्या मुठीला एक चिमटा उगीचच लोंबत होता, तोही तिने काढला.

बुधवारी गल्लीचं जेवण होतं. शाळा उघडण्यापूर्वी वॉटलबर्ड कोर्टमधली सगळी घरं एका संध्याकाळी केव्ह बार्लोच्या अंगणात जमत आणि कोळंबी खात. केव्हचा मेहुणा बोटीवर होता, त्यामुळे कोळंबी खोक्यांनी येई. सोललेल्या सालांचा आणि डोक्यांचा ढीग टेबलाएवढा झाला. एरवी गल्लीतलं कोणतंही शहाणं घर कोळंबीची सालं कचऱ्याच्या दिवसापर्यंत फ्रीजरमध्ये ठेवी. क्वीन्सलंडच्या उन्हात ती डब्यात टाकणं म्हणजे काय, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

“फ्रीजर कशाला भरताय?” केव्हची बायको ट्रिश म्हणाली. “उद्या रात्री लाल डबेच तर बाहेर जाणारेत. वाटून घ्या सगळ्यांनी आणि टाका डब्यात.”

गल्लीने वाटून घेतलं. हे वाक्य सगळ्यांनी ऐकलं, मेरनने सोडून. ती त्यावेळी लोरेलने सांगितल्याप्रमाणे एकच कोळंबी पूर्ण लक्ष देऊन खात होती.

“तिचा पोत जाणव,” लोरेल शेजारून पुटपुटत होती. “दुसरं काही ऐकू नकोस.”

मेरनने दुसरं काही ऐकलं नाही. नऊ महिन्यांत हा एकच व्यायाम तिला पूर्णपणे जमला.

गुरुवारी संध्याकाळी ती डबा काढायला मागे गेली आणि दोन उघड्याबोडक्या मुठींसमोर उभी राहिली. झाकणं उघडून बघितली. दोन्ही डबे भरलेले. फ्रिजवरचं नगरपालिकेचं वेळापत्रक केव्हाच गेलं होतं. फोन टोपलीत झोपला होता. गल्लीत डोकावून बघितलं, तर एकही डबा बाहेर नव्हता.

गल्लीत कधीच कोणी आधी डबा काढत नसे. मेरनचं घर तोंडाशी होतं आणि ते तिचे वडील क्लाइव्ह यांचं घर होतं. क्लाइव्हने आयुष्यभर नगरपालिकेच्या कचरागाडीवर काम केलं होतं. क्लाइव्हच्या दारात जो डबा, तोच सगळ्यांच्या दारात, ही या गल्लीची रीत होती. क्लाइव्ह जाऊन सहा वर्षं झाली तरी ती चालू होती. मेरनला खरंच माहीत असतं का, हे कोणी विचारलं नव्हतं.

“लॉर, लाल की पिवळा?”

लोरेल ध्यानाला वाजवायची काशाची वाटी पुसत होती. “मला नको विचारूस. तुझ्या मनाला विचार. डोळे मीट. पहिलं जे उत्तर येईल तेच खरं.”

मेरनने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढे कालच्या कोळंबीबरोबरची पिवळी लिंबाची फोड आली. तिने पिवळा डबा बाहेर नेऊन ठेवला.

ती दारात पोचते न पोचते तोच गल्लीत चाकांची खडखड सुरू झाली. केव्हने आपला लाल डबा फाटकापर्यंत आणला होता. तो थांबला. त्याने क्लाइव्हच्या घराकडे बघितलं, मग हातातल्या डब्याकडे.

“ट्रिश, अगं पिवळा आहे या आठवड्यात.”

“काल मीच म्हणाले ना, लाल म्हणून?”

“क्लाइव्हच्या दारात पिवळा आहे.”

“मग माझंच चुकलं असेल,” ट्रिश म्हणाली आणि लाल डबा परत घेऊन गेली.

गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या डल्सी आजींच्या फ्रिजवर वेळापत्रक होतं. त्यावर त्या शुक्रवारच्या चौकोनात लाल ठिपका होता. डल्सी आजींनी चष्मा लावून तो नीट पाहिला, मग खिडकीतून मेरनचं दार पाहिलं आणि पेनाने ठिपक्यावर काट मारली.

शुक्रवारी पहाटे गाडी गल्लीत शिरली. डबे उचलणारा तिचा लोखंडी हात अंगाशी घेतलेलाच राहिला. दोन्ही बाजूंना पिवळ्या झाकणांची रांग बघत ड्रायव्हरने सावकाश वळसा घातला आणि तो निघून गेला.

“आयला, हा चुकला!” केव्ह अर्ध्या चड्डीवर रस्त्यात येऊन ओरडला. “चुकीची गाडी घेऊन आला!”

यावर गल्लीचं ताबडतोब एकमत झालं. डल्सी आजींनी नगरपालिकेला फोन केला. तिकडची मुलगी म्हणाली, की आज लालच आहे. “तू नवीन दिसतेस, पोरी,” डल्सी आजी म्हणाल्या आणि फोन ठेवला. गाडी चूक सुधारायला परत येईलच, तोवर आपण आपली बाजू सोडायची नाही असं ठरलं आणि पिवळे डबे दिवसभर बाहेर ताठ उभे राहिले. लाल डबे घरांमागे, उन्हात होते.

“क्लाइव्ह असता ना, तर त्या ड्रायव्हरचे कान उपटले असते,” केव्ह मेरनला म्हणाला.

नगरपालिका चुकली असेल यावर तिचा विश्वास नव्हता. तिला लिंबाची फोड आठवत होती. आता तिला दोन गोष्टी सांगायच्या होत्या, एक लोरेलला आणि एक गल्लीला. दोन्ही एकदम दारात आल्या, अडकल्या, आणि एकही बाहेर पडली नाही.

शनिवारी सकाळी पारा लवकरच चढला. परसात चटयांवर गल्ली बसली. मेरन पुढे, लोरेलच्या शेजारी. वारा घरांच्या मागून येत होता.

लोरेलने काशाच्या वाटीवर टोला दिला. “डोळे मिटा. आता एक दीर्घ श्वास, अगदी पोटापर्यंत.”

गल्लीने श्वास घेतला. कोणीतरी खोकलं. ट्रिशच्या घशातून चमत्कारिक आवाज आला.

“धरून ठेवा.”

“नको गं बाई,” डल्सी आजी म्हणाल्या.

लोरेलचेही डोळे पाणावले होते, पण ती प्रशिक्षित होती. “वास येतोय. येऊ दे. त्याच्याशी भांडू नका. त्याला फक्त ‘वास’ असं नाव द्या आणि जाऊ द्या.”

केव्हने एक डोळा उघडला.

“नाव दिलंय,” केव्ह म्हणाला. “जात नाहीये.”

“मग अजून एक श्वास. आणखी खोल.”

“लोरेल, राणी, माझ्या पोटात न्याहारी आहे.”

तेवढ्यात केव्हच्या अंगणातून धप्प असा आवाज आला. त्याच्या लाल डब्याचं झाकण सालांच्या ढिगामुळे पुरतं बसलंच नव्हतं, आणि पांढऱ्या शराटी पक्ष्यांना ते दिसलं होतं. गल्लीत त्यांना कचराकोंबड्या म्हणत. लांब वाकडी चोच, काळी बोडकी मान आणि कशाचीच लाज नाही. त्यांनी डबा आडवा केला. मग शेजारचा केला. मग एक शराटी चोचीत कोळंबीचं डोकं घेऊन कुंपणावरून उतरला, चटयांच्या रांगांमधून सावकाश चालत आला आणि लोरेलसमोर थांबला.

“हा तुझा विद्यार्थी का?” ट्रिशने विचारलं.

मागोमाग आणखी आले. चटया उडाल्या. केव्हचा कुत्रा आडव्या डब्यात शिरून बाहेर आला आणि प्रेमाने प्रत्येकाच्या अंगावर उडी मारू लागला. डल्सी आजी खुर्चीवर चढल्या. लोरेल वाटी वाजवत राहिली आणि शराट्यांना तो जेवणाचा इशारा वाटला असावा, कारण कौलांवरचेही खाली उतरले.

“हे सगळं त्या नगरपालिकेमुळे!” केव्ह ओरडला.

“नगरपालिकेमुळे नाही,” मेरन म्हणाली. “माझ्यामुळे. लालच होता. मी पिवळा काढला.”

सगळे तिच्याकडे बघू लागले. शराटी सोडून.

“पण तुला तर माहीत असतं,” ट्रिश म्हणाली.

“मला कधीच माहीत नव्हतं. डब्याला चिमटा लावलेला असायचा. चिमटा असेल तो डबा काढायचा. या आठवड्यात चिमटा नव्हता.”

“म्हणजे सहा वर्षं,” केव्ह सावकाश म्हणाला, “आम्ही एका चिमट्याच्या मागे चाललोय?”

“सहा नाही. चिमटा बाबांचा होता.”

“क्लाइव्हचा?” खुर्चीवरून डल्सी आजी म्हणाल्या. “अगं, तो तर गाडीवर होता! त्याला कशाला लागतोय चिमटा?”

“त्यांना लागायचा, आजी. चहा ठेवून विसरायचे, गाडी बाजारात सोडून चालत घरी यायचे. आठवतंय ना?”

डल्सी आजींना आठवत होतं. “आणि आम्ही म्हणायचो, काय निवांत माणूस आहे,” त्या हळूच म्हणाल्या.

मग एक गोष्ट घडली, जी लोरेलच्या अभ्यासक्रमात नव्हती. कुत्रा भुंकत होता, शराटी फडफडत होते, सगळे एकदम बोलत होते, आणि मेरनचं डोकं लख्ख झालं. त्या टेबलापाशी व्हायचं तसं. काय आधी आणि काय नंतर हे तिला एकापुढे एक दिसू लागलं.

“केव्ह, तुझी यूट गाडी काढ. मागच्या उघड्या हौद्यात ताडपत्री टाक. कचरा डेपो शनिवारी बारालाच बंद होतो, निघायलाच हवं. ट्रिश, आधी त्या कुत्र्याला बांध आणि मग नळी लाव. आडवे डबे उभे करा, उभ्यांची झाकणं दाबून धरा. आजी, तुम्ही उतरू नका, शराटी कुठून येतायत ते वरून सांगा.”

“तो बघ, पाण्याच्या टाकीमागून!” डल्सी आजी उत्साहाने ओरडल्या.

मेरन व्हरांड्यात गेली आणि चिमट्यांच्या बरण्या उचलून घेऊन आली. “नाकाला लावा.”

“मेर, माझे रंग—” लोरेल म्हणाली, पण तोवर बरण्या उपड्या झाल्या होत्या. लाल, हिरवे, पिवळे चिमटे नाकांवर चढले. निळ्या ढिगात मेरनला तो दिसला, एका बाजूने पांढुरका. तिने तो खिशात घातला आणि स्वतःच्या नाकाला दुसरा लावला.

गल्ली कामाला लागली. लाल डबे एकामागून एक हौद्यात चढले. नाकात बोलणारी माणसं एकमेकांना हसत होती, शिव्या देत होती आणि मेरन सांगेल ते करत होती. शेवटचा डबा दोरीने आवळून मेरन केव्हच्या शेजारी बसली.

“ट्रिश, अंगण धुऊन ठेव!” केव्हने यूट चालू केली.

“थांबा!” लोरेल काशाची वाटी छातीशी धरून धावत आली आणि खिडकीपाशी उभी राहिली. तिच्या नाकावर हिरवा चिमटा होता, त्यामुळे ‘म’चा ‘ब’ होत होता. मागे गल्ली ऐकत होती. “बेर, तू फार घाईत आहेस. सगळे इथेच आहेत, तर बला ते वर्गाचं आणि शेडचं जाहीर करून टाकायचंय.”

“लॉर, बला तुझ्याशी बोलायचंय.”

“हो, हो. पण आधी श्वास,” लोरेल म्हणाली आणि करून दाखवायला तिने सवयीने चिमटा काढून दीर्घ श्वास आत घेतला, अगदी पोटापर्यंत.

हौद्यातले डबे तिच्या शेजारीच होते. लोरेलचे डोळे मोठे झाले. तोंड उघडलं, पण त्यातून शब्द बाहेर येईना आणि श्वासही.

कोणी घंटा वाजवत नव्हतं. भिंत नव्हती, पाल नव्हती, शेगडीवर काही ठेवलेलं नव्हतं. मेरनने नाकावरचा चिमटा काढला, म्हणजे बोलणं नीट ऐकू जाईल.

“लोरेल,” ती म्हणाली, “तू आता तुझ्या घरी जा. आजच. आणि शेड मला परत हवी आहे.”